दार उघडा, गाडी सगळ्यांची आहे

आज सकाळपासून डोकं तापलंय. भाचीला मुंबईच्या गाडीत बसवायला कणकवली स्टेशनवर गेलो होतो. गौरी-गणपती आटोपले, चाकरमानी परतायला लागलेत, गर्दी असणार हे धरूनच गेलो होतो. भाचीचं रिझर्वेशन होतं, ती चढली. पण जनरलच्या डब्याची दारं आतून बंद! बाहेर माणसं पत्रा बडवतायत. एक बाई कडेवर पोर घेऊन उभी, नवऱ्याच्या डोक्यावर तांदळाचं पोतं, आणि खिडकीतून आतला एक जण सांगतोय, "जागा नाय, दुसऱ्या गाडयेन येवा." बोली आपलीच. कुडाळला, सावंतवाडीला चढलेली आपलीच माणसं! गाडी सुटली. ती बाई तिकीट मुठीत धरून तिथेच. उद्या तिला कामावर हजर व्हायचं होतं.

जनरलचं तिकीट काढलं की त्या डब्यात चढायचा हक्क मिळाला. आधी चढलेल्याला बसायला जागा मिळाली, एवढंच. डबा त्याच्या नावावर झाला नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १५५ आहे. राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला अडवणं हा गुन्हा आहे, २०० रुपयांपर्यंत दंड. हा दंड कोणी भरलेला मी तरी पाहिलेला नाही.

मला आज सारखे आमच्या वाडीतले तात्या आठवतायत. रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रुळांची देखभाल करणारे. पावसाळ्यात रात्रीचं पेट्रोलिंग त्यांच्याकडे असायचं. अंगावर रेनकोट, हातात लाल-हिरवी बत्ती, पिशवीत फटाके (रुळावर लावायचे, वर गाडी आली की आवाज होऊन ड्रायव्हरला धोका कळतो), आणि डोंगर कापून काढलेल्या कटिंगमधून एकट्याने चालत जायचं. एका आषाढातल्या रात्री रुळांवर माती आली. तात्या गाडीच्या दिशेने धावत गेले, फटाके लावले, लाल बत्ती हलवत उभे राहिले. गाडी थांबली. उजाडल्यावर अख्खी वाडी चहाचे टोप घेऊन रुळांकडे गेली. आई स्टीलचे पेले खिडकीच्या गजांतून आत देत होती. आतली बरीच माणसं दक्षिणेकडची, त्यांना आमचं बोलणं कळत नव्हतं, आम्हाला त्यांचं. मी लहान होतो. तात्यांना विचारलं, गाडीत कोण होतं? म्हणाले, "माणसां होती. आणखी कोण असतलां?" आणि जाऊन झोपले.

हे मी घरातल्या सगळ्यांना इतक्यांदा सांगितलंय की ते आता उठून जातात. तरी इथे लिहितोय.

कारण कोकण रेल्वेचा अभिमान आपण सगळे सांगतो. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा मार्ग पूर्ण खुला झाला, श्रीधरन साहेबांनी डोंगर फोडून तो उभा केला, रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल एवढा उंच, सगळं पाठ आहे. मग हेही पाठ असू द्या की आपल्याच भागातल्या, तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी फोमची गादी आणली. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याचीही पाठ दुखू नये. आपल्या खासदाराने देशाला हे दिलं. आणि आपण त्या बाईला पाऊल ठेवायला जागा देत नाही.

२२ जून २००३ ची रात्र आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. वैभववाडीजवळ दरड कोसळली, गाडी घसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली. म्हणून मुसळधार पावसात आता गाडी ताशी ४० च्या वेगाने येते आणि आपण "लेट, लेट" करून बोंबलतो. तो वेग कमी असतो, रात्रीच्या पावसात कोणी तात्या चालत असतात, तेव्हा आपण सुखरूप पोचतो.

हो, गाड्या कमी आहेत, रोहा-वीर सोडलं तर मार्ग बहुतेक एकेरीच आहे, सणाला डबे पुरत नाहीत. मान्य. पण म्हणून कडी लावायची? गाड्या वाढवून मागायच्या तर सगळ्यांनी मिळून मागू. एकमेकांच्या तोंडावर दार आपटून कोणती गाडी वाढणार आहे?

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगतो. गाडी सुटायच्या आधी कोणीतरी आतून कडी काढली आणि चार-पाच जण कसेबसे घुसले. त्यातल्याच एकाने मागे वळून दार ओढून घेतलं. अरे, अर्ध्या मिनिटापूर्वी तू ते बडवत होतास! पुढे वैभववाडी, राजापूरला हाच आतून ओरडणार, जागा नाय.

आत्ता जेवून उठलो, थोडा शांत झालोय. आतली माणसंही दमलेली असतात, उभ्याने दहा-बारा तास काढायचे असतात, हे मला कळतं. दारात सामान रचलेलं असतं, लेकरं पायाशी झोपलेली असतात. पण पोतं बाकाखाली सरकवलं, बॅगा वर टाकल्या, तर अजून पाच-सहा माणसं मावतात. खिडकीतून स्वच्छ दिसत होतं.

रविवारी परत तुफान गर्दी आहे. मी सकाळच्या गाडीला प्लॅटफॉर्मवर असणार आहे, जनरलच्या डब्यापाशी. दार बंद दिसलं तर आधी आतल्यांशी आपल्या बोलीत बोलायचं, नाही ऐकलं तर आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) बोलवायचं आणि तिथूनच रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला फोन लावायचा. स्टेशनजवळ राहणाऱ्या आणखी काही जणांनी यावं. कुडाळ आणि वैभववाडीच्या मित्रांनी आपापल्या स्टेशनवर बघावं. येणार असाल तर खाली लिहा, म्हणजे किती जण आहोत ते कळेल.