‘सोडून या’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

‘एक वाचक’ यांस,

आमच्या पाळीव कासवावर, नानावर, मी लिहिलेल्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘वाळवंटातल्या जिवाला अंगणात डांबून त्याच्या प्रेमाचे लेख पाडणे ही परदेशस्थांची हौस आहे. खरे प्रेम असेल तर उद्याच त्याला वाळवंटात सोडून या.’ मतभेदाला माझी ना नाही; परंतु अनोळखी बाईला उद्देशून ‘लेख पाडणे’ असे लिहिण्यापूर्वी आपण क्षणभर थांबायला हवे होते.

‘सोडून या’ हे शब्द आपण फार सहज लिहिलेत. पाळलेले कासव रानात सोडणे आमच्या इथे, अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, बेकायदा आहे, आणि ही कोणा अधिकाऱ्याची लहर नव्हे. पाळीव कासवांत मायकोप्लाझ्मा जिवाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा रोग असू शकतो, आणि वरून धडधाकट दिसणारे कासवही तो रानातल्या कासवांना देऊ शकते. शिवाय सोडायचे कोणत्या रानात? कोलोरॅडो नदीपलीकडचे मोहावी कासव आणि अलीकडचे सोनोरन कासव या दोन वेगळ्या जाती आहेत, हे २०११ मध्ये मान्य झाले. त्यांपैकी मोहावी १९९० पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. आमचे सोनोरन कासव तर वाळूत नव्हे, सग्वारो निवडुंगांच्या खडकाळ उतारांवर राहणारे. वाळवंट म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे जैसलमेरच उभे राहते, त्यांच्याकडून ही माहिती असण्याची अपेक्षा मी करत नाही.

मी अॅरिझोनातल्या चँडलर शहरात एकोणीस वर्षे राहते. नाना आमच्याकडे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या दत्तक योजनेतून आला, कारण त्याचे आधीचे मालक वारले आणि त्यांच्या मुलांना तो नको होता. त्याचे बीळ मी आणि माझ्या यजमानांनी मे महिन्यात पहाटे चारला उठून खणले आहे. ऑक्टोबरात तो आत गेला की मार्चपर्यंत त्या कोपऱ्यात मी पाण्याचा पाइपही फिरकू देत नाही. मार्चमध्ये पाठीवर वाळलेली माती घेऊन तो बाहेर येतो, उथळ परातीत नाकापर्यंत तोंड बुडवतो आणि मान ताणून इतका वेळ पाणी पितो की माझा चहा निवून जातो. ज्यांनी हे पाहिलेले नाही, त्यांनी मला प्रेम शिकवू नये.

एक चूक मात्र मोकळेपणाने मान्य करते : कलिंगडाच्या फोडीचा उल्लेख मी करायला नको होता. गोड फळांनी या कासवांचे पोट बिघडते. गवत, जास्वंदीची फुले आणि फड्या निवडुंगाची पाने हाच त्यांचा खरा आहार. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता आपले उरलेले मुद्दे. उचलल्यावर कासव घाबरून मूत्राशयात साठवलेले पाणी सोडते, हे मला आपल्याकडून कळण्याची गरज नव्हती. लेखातले, नानाला उचललेले छायाचित्र क्षणभराचे होते. स्टार कासव पाळण्यावर भारतात असलेली बंदी इथे गैरलागू आहे. ‘ही कासवे पन्नास-ऐंशी वर्षे जगतात, तुमच्यानंतर त्याचे काय?’ हा आमचा घरगुती प्रश्न आहे. मुलगी बोस्टनला असते, ती बघेल.

यापुढे प्रतिक्रिया देताना आपले नाव लिहावे, ही विनंती.