सांता जुस्ता लिफ्ट आयफेल यांची नाही
लिस्बनमधील सांता जुस्ता ही सार्वजनिक लिफ्ट पॅरिसच्या टॉवरवाल्या गुस्ताव्ह आयफेल यांनी बांधली, असा मजकूर पर्यटकांमध्ये सर्रास फिरतो आहे. तो चुकीचा आहे. तिचे रचनाकार पोर्तो शहरात फ्रेंच आईवडिलांच्या पोटी जन्मलेले अभियंते राउल मेस्निए दु पोन्सार हे होत. आयफेल यांच्या कंपनीने १८७७ मध्ये पोर्तो येथे लोखंडी मारिया पिया पूल उभारला होता, त्यावरून हा घोळ झाला असावा. तरीही ज्याचे काम त्यालाच श्रेय मिळायला हवे.

१९०२ मध्ये सुरू झालेली ही सुमारे ४५ मीटर उंचीची लिफ्ट आधी वाफेवर चालत असे, १९०७ पासून ती विजेवर चालू लागली. जवळून न्याहाळल्यास लोखंडी गॉथिक (जुन्या युरोपीय चर्चच्या शैलीतल्या) कमानींची नक्षी मजल्यागणिक बदललेली दिसते. केबिनला आतून लाकडाचे आणि पितळेचे काम आहे.

वर जायला रांगेत ताटकळावेच लागते, हेही खरे नाही. खालच्या बायशा भागातून शियादू या भागातून चढ चढून, १७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या कार्मो मठासमोरच्या चौकात, म्हणजे लिफ्ट जिथे वर नेते तिथेच, पायी पोहोचता येते.