परभणीचा पडदा अजून निजामातच

संभाजीनगरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये नव्या मराठी चित्रपटाला सकाळचा एकच खेळ मिळाला आणि परभणीत तो आलाच नाही, एवढ्यावरून आमच्या कट्ट्यावर वाद पेटला. वकीलसाहेबांनी सगळा दोष शासनाच्या माथी मारला. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये सायंकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन जाहीर झाले आणि विरोध होताच ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करण्यात आली, हा त्यांचा मुख्य पुरावा.

‘‘अहो, दुपारी बाराला खेळ लावला तरी नियम पाळल्यासारखाच झाला,’’ मामा म्हणाले. ‘‘त्या वेळी मोंढ्यातला हमाल काम टाकून सिनेमाला येतो का?’’ मामांची हयात प्रोजेक्टरच्या खोलीत गेलेली असल्यामुळे या विषयात त्यांचा शब्द सहसा कोणी खोडून काढत नाही.

सरांनी मात्र वाद मागे नेला. हिंदी चित्रपटांच्या व्यापारात मराठवाडा आजही ‘निजाम’ या वितरणक्षेत्रात गणला जातो. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण वितरकांच्या वहीतील नकाशा काही बदलला नाही. पुण्याला चित्रपट ‘बॉम्बे’तून पोहोचतो आणि परभणीला ‘निजामा’तून, हे ऐकून आमच्यातील तरुण मंडळी चक्रावलीच.

पूर्वी या दुजाभावाला प्रिंटचे निमित्त होते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या गतीने चाले, म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट लागत. प्रिंट महाग असल्याने मोजक्याच निघत आणि मोठ्या शहरांत झिजलेली पेटी मग आमच्याकडे येई. पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडत असतानाही शिट्ट्या वाजत, असे मामा अभिमानाने सांगतात. (तो अभिमान मला अजून कळलेला नाही.) आता चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवरून येतो आणि ठरलेल्या मुदतीपुरतीच चालणारी डिजिटल किल्ली मिळाली की तो एकाच शुक्रवारी सगळीकडे उघडतो. मात्र या यंत्रणेचे शुल्क निर्मात्याकडून घेतले जाते, त्यामुळे छोटा मराठी निर्माता जिल्ह्याच्या गावात पडदा घेण्याआधी दहादा हिशेब करतो.

खरी खडाजंगी झाली ती पैशाच्या वाटणीवरून. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील संप मिटला, तेव्हा वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. वकीलसाहेबांचा प्रश्न बिनतोड होता: चित्रपट जितका टिकेल तितका मालकाचाच वाटा वाढत असेल, तर मग तो सोमवारीच खेळ का कापतो? सरांचे उत्तर असे, की मल्टिप्लेक्सची मोठी कमाई खाद्यपदार्थांवर होते, रिकामी खुर्ची पॉपकॉर्न घेत नाही आणि पुढचा शुक्रवार दारात उभाच असतो. एकपडदा थिएटरात आठवड्याचे भाडे वितरक भरतो किंवा मालक त्याला किमान रकमेची हमी देतो, म्हणजे तोट्याची झळ कोणाला बसणार हे आधीच ठरलेले असते. जत्रेतील तंबू टॉकीजवाला तर सगळा धोका स्वतःच्याच डोक्यावर घेतो, म्हणून गावाला काय आवडेल हे त्याला नेमके ठाऊक असते. मला स्वतःला वेळेच्या नियमापेक्षा हा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो: मराठी चित्रपटाच्या पहिल्या सोमवारचा तोटा सोसायला आज कोणीच बांधील नाही.

‘‘मग ते आठवड्याचं भाडं शासनानंच भरावं,’’ वकीलसाहेब म्हणाले. मामांना हे मुळीच पटले नाही. भाडे घरबसल्या मिळू लागले, तर मालक गावात साधे पोस्टरसुद्धा लावणार नाही, असे त्यांचे ठाम मत होते आणि वकीलसाहेबांना त्यावर उत्तर सुचले नाही.