काका, माझाही आरसा पडला होता

नमस्कार काका. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण ३२ वर्षं एसटी चालवली म्हणता आणि अंबाजोगाईचे आहात, म्हणून काकाच म्हणतो. तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली. लगेच एक उत्तर लिहिलं आणि खोडलं, कारण त्यात मी नुसता भांडत होतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या गाडीचा झोत पडला की आपोआप काळा होणारा आरसा मी अमेरिकेहून मागवला आणि माझ्या जुन्या सेडानमध्ये स्वतः बसवला. त्यावर मी इथे लेख लिहिला होता. काकांचं म्हणणं असं, की हा पैशाचा माज आहे, आरशाखालचा खटका ओढला की तेच काम फुकटात होतं, गाडीच्या वायरिंगला घरी हात लावणं म्हणजे आगीला आवतण, आणि असले बदल आरटीओला चालत नाहीत. शेवटी त्यांनी लिहिलंय, "तुमचं ते 'अर्ध्या तासाचं काम' वाचून माझ्या पुतण्यानं जुन्या आरशाचं बटण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं. काचेचा टवका उडाला. आता भरून कोण देणार?"

शेवटापासूनच सुरू करतो. तिथे तुमचं खरं आहे.

मी 'बटण काढा' एवढंच लिहिलं होतं. कसं काढायचं ते लिहिलं नाही, कारण मला काढावंच लागलं नव्हतं. माझ्या गाडीचा मूळ आरसा छपराला स्क्रूंनी बसवलेला होता. स्क्रू काढले, आरसा हातात आला. तुमच्या पुतण्याच्या गाडीत तो काचेवरच्या बटणावर असणार, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा धातूचा तुकडा काचेला आतून चिकटवलेला. पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. बटणाचा गोंद कधीकधी काचेपेक्षा चिवट निघतो, आणि पहारीसारखा जोर लावला की गोंद सुटत नाही, आतल्या काचेची खपली त्याच्यासकट निघते. खरी पद्धत अशी, की केस वाळवायच्या मशीननं बटण हळूहळू गरम करायचं, पकडीत धरायचं आणि पिळायचं. उचकटायचं नाही. स्वतः न केलेल्या कामाबद्दल मी एका ओळीत ठोकून दिलं, आणि ती ओळ पुतण्याला महागात पडली. त्याला माझ्याकडून माफी सांगा.

आता जे मी लेखात लपवलं होतं, तेही सांगून टाकतो. अर्धा तास लागला तो दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बसवलेला आरसा अकराव्या दिवशी पडला.

मे महिना होता. आरशासोबत बटण आलं होतं, पण त्याचा गोंद आला नव्हता. मी शहाणपणा करून किराणा दुकानातली पाच रुपयांची झटपट चिकटणारी ट्यूब आणली. चिकटलं, आणि असं चिकटलं की आरसा धरून ओढून बघितला तरी हलेना. दहा दिवस मजेत गेले. अकराव्या दिवशी आम्ही बीडहून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो. त्याआधी गाडी चार तास उन्हात उभी होती, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. मांजरसुंब्यापर्यंत ठीक होतं. नेकनूर ओलांडलं, एका गतिरोधकावर गाडी आपटली आणि टक् असा आवाज आला. आरसा गियरच्या दांड्यावर आदळला आणि वायरला लोंबकळत राहिला, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा. बायको म्हणाली, "अमेरिका पडली." मग केजपर्यंत दोघांपैकी कुणी बोललं नाही.

काच फुटली नाही हे नशीब. या आरशात दोन काचांच्या मध्ये रसायन असतं. ते बाहेर आलं तर हाताला झोंबतं आणि सीट खराब करतं. हेही मी लेखात लिहिलं नव्हतं.

बीडला एका जुन्या काच बसवणाऱ्या मिस्त्रीला दाखवलं. त्यानं बटण नखानं खरवडलं, पांढरा भुगा निघाला. "साहेब, हे कपबशीचं औषध हाय. काचंला कामून लावलं?" मग त्यानं समजावलं ते असं. तो गोंद वाळला की काचेसारखाच कडक आणि ठिसूळ होतो. उन्हात काच एका मापानं फुगते, धातू दुसऱ्या मापानं. गोंदाला थोडी लवचीकता हवी, ती याच्यात नाही. वरून आरशाचं वजन आणि आपले रस्ते. जुना आरसा नुसती काच आणि प्लास्टिक होता. नव्याच्या पोटात सर्किट आहे, होकायंत्र आहे, हातात घेतला तरी वजनातला फरक कळतो.

आरशाच्या बटणासाठी वेगळा दोन भागांचा गोंद मिळतो. एक पातळ द्रव आधी काचेवर आणि बटणावर लावून वाळू द्यायचा, मग बटणावर गोंदाचा एकच थेंब टाकून दाबून धरायचं. थेंब एकच का, हे मला आधी कळत नव्हतं. आपल्याला वाटतं जास्त लावलं की जास्त धरेल, पण थर जाड झाला की तो मधूनच सुटतो. मी सकाळी सहा वाजता सावलीत केलं. आधी ब्लेडनं जुना गोंद खरवडला, स्पिरिटनं काच पुसली आणि बटणाची चिकटायची बाजू पॉलिश पेपरनं घासली. काचेच्या बाहेरून साबणाच्या तुकड्यानं खूण केली, शिंपी कापडावर करतो तशी. वरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर बटण लावलं नाही, स्वच्छ काचेवर लावलं. दिवसभर आरसा अडकवलाच नाही, दुसऱ्या दिवशी अडकवला. त्याला आता दोन उन्हाळे झाले.

म्हणजे 'अर्धा तास' हा नुसता हात चालवायचा वेळ. त्यात एक दिवस वाळवण आणि एक पडझड धरलेली नाही.

आता खटका. इथे मात्र मी वाद घालणार.

काका, एसटीत आतला आरसा तुम्ही कशासाठी वापरला? प्रवासी चढले का, कंडक्टर कुठे आहे, मागच्या बाकावर काय चाललंय, हे बघायला. मागचा रस्ता तुम्ही बाहेरच्या दोन मोठ्या आरशांत बघितलात. शिवाय तुम्ही उंचावर बसलेले. मागून येणाऱ्या कारचा झोत बसच्या पाठीवर पडतो, तुमच्या डोळ्यांत नाही. मी रस्त्यापासून हातभर उंचीवर बसतो आणि मागची जीप बरोबर माझ्या आरशाच्या पातळीवर तिचे दिवे घेऊन येते. मी आठवड्यातून दोनदा रात्री छत्रपती संभाजीनगरहून बीडला परततो. पाचोड सोडलं की शहागडच्या पुलापर्यंत मागे कुणीतरी बाजारातून बसवलेले पांढरेफेक एलईडी लावून अप्पर, म्हणजे वरचा लांब झोत, मारत चिकटलेलाच असतो. दुसऱ्यासाठी झोत खाली घ्यायची, म्हणजे डिप्पर द्यायची पद्धत आता फक्त तुमच्या पिढीच्या चालकांत उरली आहे.

खटक्यानं चकाकी जाते, हे खरं. पण ती कशी जाते ते बघा. साध्या आरशाची काच पाचरीसारखी असते, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला बारीक. पारा मागच्या बाजूला. खटका ओढला की पाऱ्यावरचा झोत छपराकडे जातो आणि आपल्या डोळ्याला दिसतं ते फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतणारं, साधारण चार टक्के. दिवे दिसतात, पण दिव्यांमागची गाडी दिसत नाही. आणि त्या जीपच्या आडोशानं, बिनदिव्याची मोटारसायकल येत असली तर ती आरशात नसतेच. मग खटका परत ढकलायचा, मग पुन्हा ओढायचा. हे मी वीस वर्षं केलं.

नव्या आरशाला दोन डोळे असतात. एक पुढे बघून अंधार किती आहे ते मोजतो, दुसरा मागे बघून झोत किती आहे ते. दोन्ही जुळलं की मधल्या रसायनाला अगदी थोडी वीज मिळते आणि ते झोताच्या मानानं गडद होतं. झोत कमी तर कमी गडद, जास्त तर जास्त. मागचं चित्र पुसलं जात नाही. तुम्ही विचारलंय, वीज गेली तर काय? वीज गेली तर तो साधा उजळ आरसा होतो, काळा अडकून बसत नाही. आणि रिव्हर्स गियरची वायर जोडली की मागे घेताना तो स्वतःहून उजळतो. मी पहिल्यांदा ती जोडली नव्हती. अंगणात गाडी मागे घेताना तुळशीवृंदावनाला बंपर घासला, तेव्हा जोडली.

एक गंमत. बसवल्यावर पहिले दोन दिवस आरसा भर दुपारीच काळा व्हायचा. मला वाटलं बिघडलेला माल आला. मग कळलं, आरशाच्या मागे काचेवर फास्टॅग चिकटवलेला, आणि आरशाचा पुढचा डोळा नेमका त्याच्या आड. त्या बिचाऱ्याला सदाचीच रात्र. आरसा दोन बोटं खाली घेतला, प्रश्न मिटला. आपल्याकडे प्रत्येक गाडीत फास्टॅग तिथेच असतो, अमेरिकेतल्या माहितीपत्रकात हे कुठून येणार?

वायरिंगबद्दल तुमची भीती निम्मी खरी आहे. छपरातल्या दिव्याची वायर सोलून तिथूनच जोड मारायची, ही आपल्याकडची सोपी रीत. त्या दिव्याला बहुतेक गाड्यांत कायम वीज असते. आरसा रात्रंदिवस चालू राहतो आणि आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. मी वीज फ्यूज बॉक्समधून घेतली, किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून, आणि जोडाला स्वतःचा वेगळा छोटा फ्यूज दिला. मूळ वायर कुठेही कापली नाही. आगीचं म्हणाल तर ती बहुधा फ्यूज नसलेल्या आणि पत्र्यावर घासणाऱ्या जोडामुळे लागते.

पण एक मोठी चूक तुमच्याही नजरेतून सुटली आणि ती मी स्वतःच सांगतो. मी लिहिलं होतं, 'वायर दरवाज्याजवळच्या खांबाच्या झाकणातून खाली न्या.' माझ्या जुन्या गाडीत एअरबॅग फक्त पुढे दोन. नव्या गाड्यांत त्या खांबाच्या आणि छपराच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. झाकणावर 'एअरबॅग' असं लिहिलेलं असेल तर वायर तिच्यावरून किंवा पुढून न्यायची नाही, नाहीतर अपघातात ती उघडायच्या वाटेत येईल. अशा गाडीत हे काम माहितगाराकडूनच करून घ्यावं. लेखात आज ही दुरुस्ती टाकली आहे, तुमच्या पुतण्याचा उल्लेख करून.

आरटीओचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील बदलतील अशा फेरफारांबद्दल आहे. आरशाची नोंद त्यात नसते. तुम्ही आरसाच काढून टाकलात तर गोष्ट वेगळी.

राहिला माज. आरसा भाच्यानं येताना बॅगेत आणला, भंगारात गेलेल्या गाडीतून काढलेला, जुना. ज्या कंपनीचा आहे ती, जेंटेक्स, मिशिगनमधली. १९७४ साली धूर ओळखणारी यंत्रं बनवायला सुरू झाली आणि १९८७ मध्ये तिनं असा आरसा बाजारात आणला. धूर ओळखण्यासाठी उजेड मोजायची विद्या तिच्याकडे होतीच. मला हे वाचून मजा वाटली, म्हणून लेखात दोन परिच्छेद त्यातच गेले, आणि तुम्हाला ते कौतुक टोचलं असेल. मान्य. आता इथल्याच कितीतरी गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये असा आरसा कंपनीतूनच येतो. नवी गाडी घेणाऱ्यानं परदेशातून मागवायच्या भानगडीत पडू नये. माझी गाडी जुनी आणि भाचा येणारच होता, म्हणून जमलं.

आता पुतण्याच्या काचेचं. बाहेरच्या बाजूनं त्या जागेवरून नख फिरवून बघा. बाहेर गुळगुळीत असेल तर टवका फक्त आतल्या काचेचा आहे. तरी काचवाल्याला दाखवाच, आणि तोवर त्या जागी थंडगार एसीचा झोत सोडू नका, तापलेल्या काचेत चीर धावते. विम्यात काचेवर घसारा धरत नाहीत, म्हणजे ती जुनी म्हणून पैसे कापत नाहीत, पण क्लेम केला की नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो, तेव्हा आधी दोन्हींचा हिशोब मांडा. काच बदलावी लागली नाही, तर नवं बटण टवक्यावर लावू नका, बोटभर बाजूला लावा.

गोंदाचं एक पाकीट माझ्याकडे शिल्लक आहे. येत्या रविवारी आम्ही पुन्हा योगेश्वरीला येतोय. सकाळी आठच्या आत पोचू, ऊन चढायच्या आधी. पुतण्याला गाडी सावलीला लावून ठेवायला सांगा. काच बदलायची ठरली तर तिचे निम्मे पैसे माझ्याकडे, हे इथे सगळ्यांसमोर लिहितो. आणि तुम्ही माझ्या गाडीत बसा, परतीला अंधार पडला की मांजरसुंब्यापर्यंत तुम्हीच चालवा. खटका जुन्या आरशाला आहे, तोही डिक्कीत ठेवलाय.