गोळी कधी बंद होणार?

पुण्याहून मावसभावाचा फोन आला की हा प्रश्न ठरलेला. "अरे, तुमच्याकडे झुरिकला विचार ना कुणाला, पोराची गोळी कधी बंद करायची?"

पोरगा सव्वीसचा. ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, पन्नीवर तापवून ओढायचा. दोनदा भरती होऊन सुटला, दोनदा परत पन्नीवर गेला. आता वर्षभर ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे हेरॉइनच्या जागी देतात त्या गोळीवर, आहे: रोज केंद्रात जायचं, नर्ससमोर गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याची तडफड, लागत नाही, घरातल्या चोऱ्या थांबल्या, अंगावर मांस आलं. तरी घरच्या ग्रुपवर काकांचं पालुपद सुरूच. एक नशा सोडवली आणि दुसरी लावली!

मी राहतो त्या शहरातही एके काळी हेच बोललं जायचं. रेल्वे स्टेशनामागच्या प्लात्झश्पिट्झ बागेत उघड्यावर सुया टोचल्या जायच्या. १९९२ मध्ये बाग बंद केली, तर गर्दी लेटेनच्या बंद पडलेल्या स्टेशनात गेली. ते १९९५ मध्ये मोकळं केलं. त्याच सुमारास, १९९४ पासून, मेथाडोन या तशाच पर्यायी औषधाने भागत नव्हतं अशांना दवाखान्यात देखरेखीखाली हेरॉइनच द्यायला सुरुवात झाली. २००८ च्या सार्वमतात ६८ टक्के लोकांनी त्याला कायमची मान्यता दिली. गंमत म्हणजे त्याच दिवशी त्याच मतदारांनी गांजा मोकळा करायला मात्र नकार दिला. ही माणसं नशेची पाठराखण करत नव्हती. त्यांनी ती बाग पाहिली होती.

आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात साठीचे एक गृहस्थ मेथाडोन घ्यायला येतात. छोट्या कपातलं औषध पितात, कपात पाणी घालून तेही पितात आणि मग काउंटरवरच्या बाईंना मोबाइलवर घरच्या बाल्कनीतले टोमॅटो दाखवत बसतात. मागे खोकल्याच्या औषधासाठी मी ताटकळत. घर आहे, विमा आहे. पण टोमॅटो बघायला दुसरं कुणी नसावं.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजायची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. शरीर, मन, नातीगोती, भोवतालची परिस्थिती असे चार भाग. झोप कशी लागते, कामं जमतात का, मित्रांचा आधार आहे का. रोजच्या जगण्यासाठी उपचारांची किती गरज पडते, हेही एकदा विचारलंय. ते कधी बंद होणार, हे नाही. या गृहस्थांचे तिसऱ्या, नात्यागोत्यांच्या रकान्यात मार्क जाणार. आमच्या पोराला तिथे मिळतील, कारण आई अजून ताट वाढून वाट बघते. अर्थात तीच आई रात्री त्याचे खिसेही तपासते, त्याचे किती मार्क कापायचे कोण जाणे. मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांनाही उपचारात ओढतात ते उगाच नाही.

काकांना गोळी टोचते, मला वेळापत्रक. इथे ज्यांचं बस्तान बसलंय त्यांना काही दिवसांचं औषध घरी नेता येतं. कोविडात आपल्याकडेही न्यायला देत होते.

रविवारी मीच उलट विचारलं, "केंद्र किती वाजता उघडतं?"

"साडेनऊला. का रे?"

"आणि मोबाइलच्या दुकानात त्याला किती वाजता बोलावायचे?"

"नऊला. म्हणून तर सुटली ना ती नोकरी."