मटण न खाल्ल्यानं नैराश्य येतं, हे कुणी सिद्ध केलं?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा फिरला: 'शाकाहारी लोकांमध्ये नैराश्य दुप्पट. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. मांस सोडलं की मेंदूचं पोषण थांबतं. आजच आहार बदला.' रात्री चुलत बहिणीचा मला वेगळा मेसेज आला. ती जन्मापासून शाकाहारी आहे आणि दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेते आहे. "ताई, मग गोळ्या बंद करून अंडी सुरू करू का?" हे वाचल्यावर मला गप्प बसवेना.

'दुप्पट' हा आकडा हवेतून आलेला नाही. ब्राझीलमध्ये 35 ते 74 वयाच्या 14,216 लोकांची माहिती तपासली, तेव्हा मांस न खाणाऱ्यांत नैराश्य साधारण दुप्पट दिसलं. हा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. पण एवढ्या लोकांत मांस अजिबात न खाणारे होते फक्त 82. इतक्या थोड्या माणसांत चार-पाच जण इकडचे तिकडे झाले तरी आकडा हलतो.

'मेंदूचं पोषण थांबतं' हे तर त्याच अभ्यासाच्या विरुद्ध आहे. आहारातल्या पोषक घटकांमधला फरक हिशेबात धरूनही तो संबंध तसाच राहिला. म्हणजे मेसेज जे कारण सांगतो, त्याला मेसेजमागच्या अभ्यासाचाच आधार नाही!

'मांस सोडलं की' या तीन शब्दांत खरी गफलत आहे. आधी काय झालं, मांस सुटलं की मन आजारी पडलं? जर्मनीतल्या 2012 च्या अभ्यासात शाकाहारींमध्ये मानसिक आजार जास्त आढळले खरे, पण सरासरीनं पाहिलं तर आजार आधी सुरू झाला होता, शाकाहार नंतर आला. मला हे पटतं. मन हळवं झालेल्या माणसाला प्राण्याचं दुःखही जास्त लागत असेल. शिवाय जिथे सगळं घर मांसाभोवती जेवायला बसतं, तिथे 'मला नको' म्हणणारा एकटा पडत असेल. हे माझं अनुमान आहे. पण पुण्यात शाकाहारी थाळी मागितली तर कुणी मान वळवूनही बघत नाही. इथे बहुतेक शाकाहारींनी काही सोडलेलंच नसतं, ते त्याच घरात जन्मलेले असतात. तिकडचा आकडा उचलून आमच्या आत्याच्या ताटाला कसा लावायचा?

'सिद्ध केलं' म्हणणारे 2020 चा मोठा आढावाही पुढे करतात. त्यात 18 अभ्यास आणि 1,60,257 माणसं आहेत, आणि निष्कर्ष मांस खाणाऱ्यांच्या बाजूनं आहे. पण यावरून कार्यकारणभाव काढता येत नाही, हे लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्याला अमेरिकेतल्या गोमांस उद्योगाच्या निधीतून मदत होती. तेवढ्यानं तो खोटा ठरत नाही, पण वाचणाऱ्याला हे माहीत हवं.

आता शाकाहारींनी कान देऊन ऐकावं असं एक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी 2006 साली 441 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 67 टक्के जणांत बी12, म्हणजे मुख्यतः मांस, अंडी, दूध यांतून मिळणारं जीवनसत्त्व, कमी होतं, आणि शाकाहारींना हा धोका मांसाहारींच्या 4.4 पट. बी12 फार कमी झालं तर मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा येतो, मनही खचतं. माझी आई कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची. एकदा चप्पल पायातून निसटली आणि ती तशीच चार घरं पुढे गेली, तिला कळलंच नाही. आम्ही म्हणत राहिलो, वय झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, इंजेक्शनं दिली, काही महिन्यांनी तळव्यांना स्पर्श कळू लागला. आई आजही मटणाला हात लावत नाही. दूध-दहीही न घेणाऱ्यांनी तर बी12 ची गोळी टाळूच नये.

'सात्त्विक आहार घ्या, नैराश्य पळेल' हा उलटा मेसेजही तितकाच कच्चा आहे. अमेरिकेतल्या एका चर्चच्या 138 अनुयायांवर 2010 साली झालेल्या अभ्यासात शाकाहारींची मनःस्थिती चांगली आढळली. पण आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न तिथेही उरतोच.

बहिणीला मी त्याच रात्री फोन केला. म्हटलं, अंडी खावीशी वाटली तर खा, नाही तर नको. बी12 तपासून घे. आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही गोळी चुकवू नकोस.