आइसलँडचं गरम पाणी फुकट नाही

आठवडाभरात तीन ग्रुपवर एकच मजकूर आला: ‘आइसलँडमध्ये सगळी वीज ज्वालामुखीवर, घराघरात जमिनीतलं फुकट गरम पाणी, ते कधी संपत नाही, निळंशार ब्लू लगून तर निसर्गाचीच देणगी. सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, मग कोकणात हे का नाही?’ यात खऱ्याखोट्याची सरमिसळ आहे, म्हणून लिहितेय.

ब्लू लगून हे तिथलं आंघोळीचं प्रसिद्ध तळं, पण तो नैसर्गिक झरा नाहीच. १९७६ साली तिथे स्वार्त्सेंगीचा भू-औष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर चालणारा, प्रकल्प सुरू झाला. वापरून झालेलं खारट गरम पाणी शेजारच्या लाव्हाच्या खडकात सोडलं जायचं. ते मुरून जायला हवं होतं, पण पाण्यातल्या सिलिकाने (वाळूत असतं तेच खनिज) खडकाची छिद्रं बुजली आणि तळं साचलं. पाण्याचा दुधाळ निळा रंगही सिलिकाचाच.

विजेचं म्हणाल तर तिथली सुमारे ७० टक्के वीज नद्यांवरच्या धरणांची. बाकी जवळजवळ सगळी भूगर्भातल्या उष्णतेची. या उष्णतेची खरी कमाल घरं उबदार ठेवण्यात आहे: दहातली नऊ घरं तिच्यावर.

पण ‘फुकट’? हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला, कारण त्यात माणसांचे कष्टच पुसले जातात. राजधानी रेक्याविकच्या बायका एकेकाळी कपड्यांची बोचकी घेऊन गावाबाहेरच्या गरम झऱ्यांवर धुवायला जात. १९३० मध्ये तिथलं पाणी नळाने एका शाळेत आणि काही घरांत पोचलं, आणि तिथून पुढे विहिरी विंधणं, पाइप टाकणं चालूच राहिलं. नेस्याव्हेटलिर या भू-औष्णिक प्रकल्पाचं पाणी २७ किलोमीटर पाइपातून शहरात येतं. तिथल्या विहिरींतलं पाणी थेट घरात देता येत नाही, कारण त्यातले क्षार पाइपात बसतात. म्हणून त्याच्या उष्णतेवर साधं गोडं पाणी तापवून ते पाठवतात. लोक त्याचं बिल भरतात.

‘कधी संपत नाही’ हेही चूक. रेक्याविकच्या जुन्या विहिरींतून उपसा इतका झाला की पाण्याची पातळी खाली गेली. १९९० मध्ये नेस्याव्हेटलिरचं पाणी आलं, उपसा कमी केला, तेव्हा पातळी पुन्हा चढली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तर लाव्हा स्वार्त्सेंगीहून निघणाऱ्या पाइपावरूनच वाहिला. ऐन थंडीत वीस हजारांहून जास्त लोकांचं गरम पाणी बंद झालं.

आता कोकण. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच थंड झाला. आइसलँड मात्र दोन भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या) फटीवर बसलाय; ते आजही वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने दूर सरकतात आणि खालून शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, वर येतो. २००९ मध्ये तिथल्या क्राप्ला ज्वालामुखीपाशी विहीर खणताना जेमतेम दोन किलोमीटरवर थेट शिलारसच लागला!

रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडाशी उभं राहिलं की वाफ तोंडावर येते, पाणी हाताला सोसत नाही. पण त्याखाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या खडकाच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीचंही तसंच. त्यातून वीज निघेल का, हे ‘आपलाही खडक काळाच’ म्हणून ठरत नाही. किती खोलीवर किती तापमान आहे आणि दर सेकंदाला किती लिटर पाणी मिळतं, हे विहीर विंधून मोजावं लागतं.